व चा खोका

६ ऑगस्ट १९७८, रविवार. वाशीम

नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितले की संशोधकाने रोजनिशी ठेवावी. सरांनी आजवर सांगितलेल्या गोष्टींपैकी मला समजलेली ही पहिलीच, म्हणून लगेच अमलात आणतो आहे.

मी देवमन खिल्लारे, वय पस्तीस, येथील कॉलेजात मराठीचा हंगामी अधिव्याख्याता. हंगामी म्हणजे ज्वारीसारखा. दरवर्षी पेरतात, दरवर्षी कापतात. परवा प्राचार्यांनी बोलावून स्पष्टच सांगितले की तीस सप्टेंबरपर्यंत प्रबंध विद्यापीठात दाखल झाला तर जागा माझी, नाही तर एक ऑक्टोबरला त्या खुर्चीवर दुसरे कोणी. प्रबंधाचे नाव 'वऱ्हाडी बोलीचा शब्दसंग्रह : संकलन आणि अभ्यास'. संकलन झाले आहे. अभ्यास तेवढा राहिला आहे. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा मागितली तर नुसते हसतील.

संकलन म्हणजे ६३१२ कार्डे. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला आणि कोणत्या गावी. पाच वर्षे सगळ्या सुट्ट्या त्यात घातल्या. कोरी कार्डे आमचे शेजारी, पुस्तके बांधणारे रऊफभाई जिल्दसाज यांनी छापखान्यात उरलेल्या लग्नपत्रिका कापून करून दिली. त्यामुळे कार्डाच्या एका बाजूला शेणाचा एखादा प्रकार असतो आणि दुसऱ्या बाजूला 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. ही कार्डे तय्यबसेठच्या चपलांच्या दुकानातल्या रिकाम्या खोक्यांत, एका अक्षराला एक खोका अशी लावली आहेत. 'क' ला मात्र तीन लागले. आमच्या दोन खोल्यांपैकी दीड खोलीत वऱ्हाडी बोली राहते. उरलेल्या अर्ध्या खोलीत मी आणि वच्छला.

वच्छला माझी बायको. माहेर धनज, शिक्षण सातवी पास. तिला बाहेरून दहावीला बसायचे आहे. सतरा नंबरचा फॉर्म तिने हायस्कुलातून स्वतः आणला, स्वतः भरला, आणि आज माझ्यापुढे धरून म्हणाली, "इथं सही करा. पालकाची." मी 'म' मध्ये बुडालो होतो. म्हणालो, ठेव, करतो. तिने कागद माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवला. फॉर्म हायस्कुलात देण्याची शेवटची तारीखही तीस सप्टेंबरच आहे. एकाच तारखेला एका घरातून दोन विद्वान बाहेर पडणार.

९ ऑगस्ट, बुधवार

आज वच्छलाने शेगडी पेटवताना विचारले, "माह्या मायनं तुमाले 'इस्तो' सांगतला होता. तुमच्या कार्डावर 'विस्तव' कसा आला?"

मी तिला शास्त्र समजावले. शब्दसंग्रहात मुख्य शब्द शुद्ध रूपात द्यायचा असतो, असे सरांचे म्हणणे आहे. उच्चाराला कार्डावर जागा नाही. लग्नपत्रिका तेवढी मोठी नसते.

"मंग मायनं सांगतला तो शबुद कुठं गेला?"

मी पुढचे कार्ड घेतले. अशा प्रश्नांना प्रस्तावनेत उत्तर देण्याची पद्धत आहे.

खरे कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. पुण्याला एम.ए.ला गेलो तेव्हा वसतिगृहाच्या पहिल्याच जेवणात मी सहज म्हणालो, "आमच्या वावरात इहीर आहे." पंक्तीतले वीसजण हसले. पुढली दोन वर्षे माझे नाव 'इहीर' होते. इहीर आला, इहीर गेला, इहिरीला पाणी किती. मी खोलीचे दार लावून वि-ही-र, वि-हि-री-ला असा रियाज केला. गवयांनी सा लावावा तसा मी व लावला. तेव्हापासून चौदा वर्षांत माझा व एकदाही घसरलेला नाही. मोठ्या कष्टाने मिळवलेली चीज आहे ती. कार्डावर काय म्हणून सोडू?

१७ ऑगस्ट, गुरुवार

उद्या सगळी कार्डे घेऊन नागपूरला सरांकडे. सरांना माल प्रत्यक्ष पाहायचा आहे. खोके नेता येणार नाहीत म्हणून कार्डांचे गठ्ठे सुतळीने बांधून लोखंडी पेटीत भरले, टेबलावरचे होते नव्हते ते सगळे वरून कोंबले. रऊफभाई पाहायला आले आणि म्हणाले, "प्रोफेसरसाब, पेटीले दोर लावा."

मी म्हणालो, कुलूप आहे की.

"कुलपानं पेटी बंद राह्यते. टपावर बांधून नाई राह्यत."

जिल्दसाजाला वाहतुकीतले काय कळते.

१९ ऑगस्ट, शनिवार

हे लिहायला नको वाटते आहे. तरी लिहितो.

काल किन्हीराजाच्या अलीकडे एसटी खड्ड्यात गेली आणि पेटी टपावरून खाली आली. कुलूप शाबूत राहिले, बिजागऱ्या तुटल्या. सुतळ्याही तुटल्या. वारा होता. पाच वर्षांची वऱ्हाडी बोली माझ्या डोळ्यांदेखत उडाली. काही रस्त्यावर, काही नालीत, बाकीची दोन्ही बाजूंच्या हायब्रिड ज्वारीत. कंडक्टरने दहा मिनिटे थांबतो म्हणून सांगितले आणि सात मिनिटांत डबल घंटी मारली. मी चिखलात गुडघ्यावर रांगत होतो. 'ढ' चा अर्धा गठ्ठा एका म्हशीच्या पायाखाली होता, आणि म्हैस हलायला तयार नव्हती.

मी बांधावर बसून रडलो. इथे लिहायला लाज वाटत नाही.

तेवढ्यात स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलाचा मालक ग्यानबा आला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर ओला पंचा. त्याने एक कार्ड उचलून वाचले, उलटून पाहिले आणि विचारले, "लगन कुठं हाय मास्तर?"

मी त्याला कसेबसे सांगितले. तो म्हणाला, "तुमी घरी जा. पाच दहा जन लावतो, आमी सगळे येचून ठेवतो. कागद हाय, सोनं नाई. कोनी नेत नाई."

घरी आलो. वच्छलाने पाय धुवायला पाणी दिले. तीस सप्टेंबरला बेचाळीस दिवस उरले.

२७ ऑगस्ट, रविवार

ग्यानबा स्वतः पोते घेऊन आला. वच्छलाने मोजले. गेली होती ६३१२ आणि आली ६४०७. संशोधनाच्या इतिहासात हे प्रथमच घडले असावे.

मग वाचायला लागलो आणि डोके फिरले. कार्डांवर पेन्सिलीने दुरुस्त्या होत्या. 'विस्तव' वर काट, शेजारी 'इस्तो'. 'विंचू' वर काट, 'इचू'. 'वेसण' वर काट, 'येसन'. एका ठिकाणी माझ्या अर्थाखाली 'साफ खोटं' असा शेरा आणि खाली अंगठा. जास्तीची पंच्याण्णव कार्डे म्हणजे बिडीच्या कागदावर आणि शाळेच्या वहीच्या पानांवर लिहिलेले नवे शब्द, 'हे मास्तरचे राह्यले' म्हणून.

मी ग्यानबावर चढलो. म्हणालो, पाच वर्षांच्या कामावर पेन्सिल चालवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तो शांतपणे चहा प्याला. "मास्तर, कार्ड वाळू घातले तं लोक वाचाले लागले. ज्याले वाचता येत होतं तो वाचे, बाकीचे ऐकत. आठ दिस हॉटेलात दुसरी गोठ नाई. आता तुमी लिहलं 'विस्तव, गाव धनज अन् किन्हीराजा'. आमच्या गावात विस्तव नावाचा कोनीच राहत नाई. आमच्या गावाचं नाव टाकून लबाडी कशी चालन?"

मी कार्डे पोत्यात परत कोंबली. जाताना त्याने वच्छलाला सांगितले, "बाई, काही कागद लय ओले होते, ते चुलीपाशी वाळवले. कडा जळल्या असतीन तं माफी करजा."

२ सप्टेंबर, शनिवार. पोळा

सहा दिवस ताप. चिखलात रांगण्याचा परिणाम. आज उठून बसलो. बाहेर तोरणाखाली बैल उभे असतील, मी गोधडीत.

कार्डांचा ढीग तसाच पोत्यात होता. वच्छला म्हणाली, "मी लावते." मला हसू आले. सहा हजार कार्डे अक्षरवार लावणे म्हणजे मेथी निवडणे नव्हे. पण माझ्याने बसवत नव्हते, म्हणून म्हणालो लाव, पहिल्या अक्षरावर लाव.

"कोन्त्या? तुमच्या का त्याहीच्या?"

डोके दुखत होते. म्हणालो, जे शेवटी लिहिले असेल ते धर, आणि पोत्यातला प्रत्येक कागद त्याच्या अक्षरात गेला पाहिजे, एकही बाहेर राहता कामा नये. ती सुपात कार्डे घेऊन बसली. ज्वारी पाखडताना जसा हात चालतो तसा चालत होता. मी झोपलो.

१० सप्टेंबर, रविवार

सगळे खोके लागले. पाहणी करायला उठलो. 'प' ठीक, 'ब' ठीक. 'व' चा खोका उचलला तर हाताला हलका लागला. चारशेच्या वर कार्डे होती माझी 'व' मध्ये, आता निम्मीसुद्धा नसावीत. उघडून मोजायचा धीरच झाला नाही. मी ओरडलो की किन्हीराजाच्या लोकांनी माझा व गिळला.

वच्छला भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "हरपला नाई. ते 'इ' मधी गेले अन् 'य' मधी गेले. त्या खोक्याईत मावून नाई राह्यले, पाहा."

पाहिले. खरेच मावत नव्हते.

"मले तं लावता लावताच दिसलं," ती म्हणाली. "ज्या व ले येलांटी लागली, तो इ झाला. इस्तो, इचू, ईट, ईस. ज्याले मात्रा लागली, तो ये झाला. येडा, येल, येसन. अन् जो कोरा हाय, नाई तं काना लागला, तो जागचा हालत नाई. वावर, वांगं, वरन, वच्छला. आमी जागीच."

"कशी लागली म्हणालीस?"

"येलांटी."

मी पाटावर बसलो. बाई 'वेलांटी' चा नियम सांगत होती आणि सांगता सांगता 'वेलांटी' च्याच व चा 'ये' करत होती. मला चौदा वर्षांपूर्वीच्या वसतिगृहातल्या पंक्तीची आठवण झाली. वाटले, म्हणजे मी चुकत नव्हतो? तेव्हा मी नियमाने बोलत होतो?

भाकरी करपली. तिला कोणी दोष दिला नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस हा नियम मोडायचा प्रयत्न केला. रऊफभाईंकडे गेलो. त्यांच्या घरची बोली वेगळी, ते तरी वेगळे बोलतील. म्हणालो, भाई, ती आंबट गोड चिंच असते, कुंपणाला, परदेशी, तिला काय म्हणता? "इलायती चिच," ते म्हणाले. आणि कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो तो? "वकील. काहून, कोनी दावा लावला का तुमच्यावर?" नियम उभाच.

दुपारी 'व' मध्ये उरलेल्या शब्दांची यादी केली. ती खोका मांडीवर घेऊन वाचत होती, मी लिहीत होतो.

"वखर," ती म्हणाली. मी लिहिले.

"वच्छला."

आणि ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली.

मी म्हणालो, अगं, विशेषनामे नकोत, पुढचा सांग. तिने खोक्यातला कागद पालथा केला आणि म्हणाली, "वजन."

कामाच्या वेळी तिला थट्टा सुचते. पण यादी उत्तम झाली. एकही अपवाद नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सरांना पत्र टाकले. लिहिले, 'संकलित सामग्रीची पुनर्मांडणी करताना मला एक ध्वनिनियम आढळला.' 'मला' हा शब्द घालायचा की नाही, यावर थोडा थांबलो होतो. मग घातला. व्याकरणाच्या दृष्टीने तिथे दुसरे काही बसत नव्हते.

सगळ्या कार्डांवर किन्हीराजाची रूपे आता मुख्य शब्द म्हणून घेणार. अर्धा प्रबंध पुन्हा लिहायचा. हाताला घट्टे पडतील, पण आनंद आहे.

वच्छलाने चहा देताना विचारले, "सही करता का आज?" म्हणालो, या आठवड्यात बघू. ती "बरं" म्हणाली. ती 'बरं' म्हणते तेव्हा मला बरे वाटत नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सरांचे उत्तर आले. जसेच्या तसे उतरवतो, कारण असे पत्र पुन्हा येणार नाही : 'खिल्लारे, तुमच्या कामात प्रथमच बुद्धी दिसली. हा नियम हाच प्रबंधाचा कणा. तो तुम्हाला कोणत्या पद्धतीने गवसला, त्यावर चार पाने लिहा आणि घेऊन या.'

ती चार पाने लिहायला बसलो. 'प्रस्तुत संशोधकाने सर्व कार्डे सुपात घेतली' असे लिहिले आणि खोडले. 'प्रस्तुत संशोधक तापाने निजला असता' असे लिहिले, तेही खोडले. शेवटी 'सामग्रीच्या सूक्ष्म वर्गीकरणातून' एवढेच लिहिले. ते कोणाच्याही हातून झालेले असू शकते. विद्वत्तेच्या भाषेची हीच सोय आहे, तिच्यात कर्ता लपतो.

२४ सप्टेंबर, रविवार

टंकलेखन झाले. पाच प्रती रऊफभाईंकडे बांधायला दिल्या. त्यांना पाने लावता लावता वाचायची खोड. ऋणनिर्देश वाचून त्यांनी सुई खाली ठेवली.

"प्रोफेसरसाब, पयले सर, मंग प्राचार्य, मंग वाचनालय, मंग मी. वयनी कुठं हाये?"

मी दाखवले. शेवटच्या ओळीत आहे : 'सौ. हिने वेळोवेळी चहा दिला व कार्डे झाडूनपुसून ठेवली.'

"नाव नाई. चहाच्या खाली दाबून टाकली बाईले." मग सुई उचलून म्हणाले, "मले काय. मी तं बांधतो."

राग आला. घरी येताना सगळ्या रस्त्याने त्यांना द्यायची उत्तरे तयार करत होतो. घरी पोचेपर्यंत एकही चांगले झाले नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आज तिने आठवण करून दिली नाही, फक्त म्हणाली, "चार दिस राह्यले." मी म्हणालो, आण, आत्ता करतो सही. आणि लक्षात आले की फॉर्म माझ्याकडे होता.

टेबल पाहिले, कोटाचे खिसे पाहिले, पुस्तके झटकली, गादी उलटी केली. ती दारात उभी राहून पाहत होती. मग आठवले. नागपूरला निघताना टेबलावरचे सगळे पेटीत कोंबले होते. म्हणजे फॉर्म किन्हीराजाच्या ज्वारीत.

दाखला त्यालाच टाचला होता. धनजच्या शाळेतून नवा दाखला यायला महिना लागतो, म्हणजे या वर्षाची परीक्षा गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. मी आज त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो. दर वर्षी कॉलेजात शिक्षणावर भाषण ठोकतो, टाळ्या पडतात. घरातली एक सही सात आठवड्यांत झाली नाही.

म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, "जेवा."

२७ सप्टेंबर, बुधवार

प्रबंधाच्या पाच प्रती पिशवीत घेऊन नागपूरच्या गाडीत बसलो. या वेळी पिशवी मांडीवर. किन्हीराजा आले आणि मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, तिकीट नागपूरचे आहे. म्हणालो, माहीत आहे.

ग्यानबाला विचारले : छापील फॉर्म होता, बाईच्या नावाचा, मागे दाखला टाचलेला. कुठे पडलेला दिसला का?

"तो?" ग्यानबा म्हणाला. "तो तं पयल्याच दिशी भेटला. ओला होता, सगळ्याईच्या आधी वाळवला. पोत्यातच देला ना तुमाले."

"त्यावरही पेन्सिल चालवली?"

"नाई. वाचला आमी सगळ्याईनं, पन त्यात चूकच नोती. बाईचं अक्षर मोत्यावानी हाय. फक्त एक जागा कोरी होती, तं ती आमच्या हातची नोती."

मी त्या हॉटेलाच्या बाकावर बसून राहिलो. पोत्यात होता. पोते तिने लावले. प्रत्येक कागद त्याच्या अक्षरात गेला पाहिजे, असे मीच बजावले होते.

नागपूरची पुढली गाडी समोर येऊन थांबली. ती जाऊ दिली आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो.

घरी शिरलो तो चपलांसकट. 'व' चा खोका काढला. वखर. त्याच्यामागे फॉर्म, कडा तपकिरी झालेल्या, नाव वच्छला देवमन खिल्लारे. त्याच्यामागे वजन. त्या दिवशी तिने हाच वाचला होता. आणि मी पुढचा सांग म्हणालो होतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मग मागत का राहिलीस?"

"मी फॉर्म कधी मागतला? मी सही मागत होती."

"आणि मी आजही उघडला नसता तर?"

"तं तीस तारखेले तुमची सही मीच ठोकली असती. तुमचं अक्षर तुमच्यापेक्षा मले चांगलं येते. सहा हजार डाव वाचलं." मग थोडे थांबून, दुसऱ्या आवाजात, "पन तुमी पाह्यलं पाह्यजे होतं. इतले दिस मी तुमच्यासमोर त्या खोक्यात पडून होती."

मी सही केली. पालकाचे नाते लिहायची जागा होती, तिथे पेन बराच वेळ अडले.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी वच्छला फॉर्म घेऊन हायस्कुलात गेली. मी सोबत येतो म्हणालो, ती म्हणाली, "काहून? रस्ता ठाऊक हाय मले." पोच घेऊन आली, आणि ती पोच आता 'प' मध्ये आहे.

मी टंकलेखकाला उठवून दोन पाने नवी करून घेतली. पद्धतीच्या प्रकरणात सूप आले, ताप आला, किन्हीराजाचे हॉटेल आले. ऋणनिर्देश असा : 'या प्रबंधातील व चा नियम वच्छला खिल्लारे यांनी शोधला. कार्डांची मांडणी त्यांची. किन्हीराजा येथील लोकांनी माझ्या चुका दुरुस्त केल्या. राहिलेल्या चुका माझ्या आहेत.'

तिला वाचायला दिले. तिने दोनदा वाचले. "अन् चहा?"

"काढला."

"चहा राहू द्या. तो बी मीच केला होता."

रऊफभाईंनी पाचही प्रती उसवल्या, पाने घातली, पुन्हा शिवल्या. या खेपेला पिशवीला स्वतःच्या हाताने दोर बांधला.

३० सप्टेंबर, शनिवार. नागपूर, बसस्थानक

काल दिवसभर प्रवास, आज सकाळी सरांच्या घरी. सरांची सही झाल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नाही, आणि तिथला कारकून शनिवारी एक वाजता कचेरी बंद करून उठतो.

सरांनी पाने चाळली. ऋणनिर्देशावर थांबले. समोर त्यांचे दोन विद्वान मित्र बसले होते, त्यांनाही दाखवले. मग म्हणाले, "खिल्लारे, ही सौभाग्यवती काय शिकली आहे?"

"सातवी, सर. दहावीला बसते आहे."

"मग हे पान काढा. परीक्षक विचारतील की नियम बायकोचा असेल तर पदवी तुम्हाला कशासाठी. तुमच्याच हिताचे सांगतो. नुसते 'सौ.ची मदत झाली' म्हणा. दुपारी टंकून आणा, मी सोमवारी सही करतो."

सोमवारी म्हणजे दोन ऑक्टोबर. तोवर माझी खुर्ची गेलेली असणार. आणि हे पान काढून सही आज मिळते का, असे मी विचारू शकलो असतो. सर बहुधा हो म्हणाले असते. घड्याळात साडेअकरा झाले होते. मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी खोक्यात पडलेली ती तपकिरी कडा डोळ्यांसमोर होती.

मी म्हणालो, "पान राहील, सर. सही आज करा नाही तर करू नका. आता येळ नाही."

म्हणालो आणि ऐकले. चौदा वर्षांनी व घसरला होता, तोही कुठे, तर सरांच्या दिवाणखान्यात. दोघे विद्वान हसले. सर चष्म्यावरून पाहू लागले, मी शब्द दुरुस्त करीन म्हणून वाट पाहत राहिले.

मी दुरुस्त केला नाही. पान पाचशे बारा उघडून त्यांच्यापुढे ठेवले, जिथे 'येळ' मुख्य शब्द म्हणून छापला आहे, आणि पेन पुढे केले.